आमच्या वावराखालून जाणारी गॅसलाइन : पाच वर्षांचा अनुभव, ५ पैकी साडेतीन स्टार

ज्यांच्या वावरातून मोठी गॅसलाइन गेली आहे किंवा जाणार आहे त्यांच्यासाठी लिहितो. लाइन यायच्या आधी मी खूप शोधलं होतं पण शेतकऱ्यानं लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं, जे सापडलं ते कंपन्यांचं नाहीतर वकिलांचं. आमचं गाव वर्धा नदीच्या पट्ट्यातलं, साडेसहा एकर काळी जमीन, त्यात अडीच एकर संत्रा अन् बाकीच्यात तूर, सोयाबीन, पऱ्हाटी फिरवून. लाइन आमच्या वावरातून तिरपी १८० मीटर गेली. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर बगिच्यात भांग पाडल्यासारखी पट्टी दिसते अन् तिच्या दोन्ही टोकांना पिवळे खांब. कंपनीचं नाव लिहीत नाही, ठेकेदाराचंही नाही, साहेब बदलतात, ठेकेदार बदलतात, मला जे सांगायचं ते कामाबद्दल आहे.

गावात अजूनही कोणी ना कोणी विचारते, "भाऊ, तुमच्या वावराखालून एवढा गॅस जाते, मंग तुमच्या घरी सिलेंडर काहून लागते?" पहिल्या बैठकीत मीही हेच विचारलं होतं. तर ही लाइन म्हणजे मोठ्या टॉवरच्या वीजलाइनीसारखी समजा, वावरातून गेली म्हणून तिला कोणी घरचा बल्ब जोडत नाही. घरच्या पाइप गॅसच्या शेगडीला २१ मिलिबार प्रेशर लागते अन् अशा ट्रंक लाइनी ९० बारच्या आसपास प्रेशर सहन करतील अशा बांधलेल्या असतात, म्हणजे चार हजार पटीच्या वर फरक झाला. ट्रकच्या टायरात ७-८ बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. मधात सिटी गेट स्टेशन लागते, तिथं प्रेशर उतरवतात, गॅस मोजतात, त्यात वास मिसळतात अन् मग पुढं शहरात सोडतात. घरोघरच्या जाळ्याचं लायसनच वेगळं, ते पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ भाग पाडून, बोली लावून देते. म्हणून गावाला गॅस पाहिजे असेल तर ज्याच्याकडे आपल्या भागाचं ते लायसन आहे त्याच्या मागं लागा, लाइनवाल्या साहेबाशी भांडून काही होत नाही, आम्ही दोन ग्रामसभा त्यात घालवल्या.

पैशाचं सांगतो, कारण फोन करणारे सगळे तेच विचारतात. कायदा १९६२ चा आहे. जमीन आपल्याच नावावर राहते, सातबारा आपलाच, कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. त्यासाठी अधिसूचनेच्या तारखेला जो बाजारभाव असेल त्याच्या १० टक्के, अन् पिकाचं, झाडांचं जे नुकसान होईल ते वेगळं. पहिली अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस असतात. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायालयात जाता येते. पट्टीवर पीक घेता येते पण घर, विहीर, शेततळं, झाड हे कायमचं बंद. आता पाहा, ज्याचं सोयाबीन आहे त्याला १० टक्के ठीक वाटतात, तो पुढच्या मृगात पुन्हा पेरतो. संत्र्यावाल्यासाठी हा हिशोब चुकीचाच आहे असं माझं ठाम मत आहे, त्याची ती जागा बगिचा म्हणून मेली, कधीच परत येत नाही. आमची ३१ झाडं गेली, नऊ वर्षांची, ऐन भरात आलेली. झाडांचे पैसे मात्र बरोबर धरले हेही लिहायला पाहिजे, पंचनाम्याला आलेल्या माणसानं उन्हात एकेका झाडाचा घेर टेपनं मोजला अन् मोजून झाल्यावर आईला म्हणाला, "माय, मले बी वाईट वाटते." पैसे हातात यायला चौदा महिने लागले, त्यातले निम्मे आमच्या कागदामुळं, बाबा गेल्यावर वारसाचा फेरफार झालाच नव्हता अन् सातबाऱ्यावर तीन बहिणींची नावं चढायची होती. तुमच्याकडे लाइन येणार असं नुसतं कानावर आलं तरी आधी तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घ्या.

आता रोजच्या सेवेकडे येतो.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, संध्याकाळी थांबला, आमच्या घरची मंडळी वावरात म्हशी सोडायला गेली अन् धावतच परत आली. म्हणे पट्टीत पाणी साचलं अन् त्यातून बुडबुडे येऊन राहिले. जाऊन पाहतो तर खरंच. दोन खांबांच्या मधात, दहा-बारा फुटांच्या डबक्यात, एका रेषेत, बुड बुड बुड. मोठे नव्हते, भात शिजतो तेव्हा झाकणाखाली येतात तेवढे. पण एका जागेवरून सारखे. वास नाही. अन् वास नाही याचाच मला जास्त धाक वाटला, कारण सिलेंडरचा जो वास आपल्याला माहीत आहे तो मुद्दाम मिसळलेला असतो, अशा मोठ्या लाइनीतल्या गॅसला सहसा वास नसतोच, तो पुढं गेट स्टेशनवर मिसळतात. मला आंध्रातलं नगरम आठवलं. २७ जून २०१४ ला पहाटे तिथं गॅसलाइन फुटून आग लागली अन् वीसहून जास्त माणसं गेली, पाइप आतून गंजला होता. ते फोटो ज्यानं पाहिले त्याला पाण्यातले बुडबुडे साधे वाटत नाहीत.

खांबावरचा नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला, अन् उचलणारा माणूस शांत होता, हे मी विसरणार नाही. त्यानं आधी खांबावरचा आकडा विचारला, मग गाव, मग एकेक करून, आवाज येतो का फुसफुस, आजूबाजूचं गवत पिवळं पडलं का, जवळ कोणी बिडी ओढते का, मोटारपंप चालू आहे का. मग म्हणाला, "काका, पंपाचं बटन दाबू नका, चालू असंल तर चालू राहू द्या, बंद बी करू नका. जनावरं घ्या अन् वारा ज्या बाजूनं येते तिकडं जाऊन उभे राहा, फोन बी तिथूनच करा." सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसून राहतो. हा हलका, वर जातो, अन् हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मधात असला की पेटतो. हे सगळं त्यानं मला तेव्हा नाही सांगितलं, नंतर विचारल्यावर सांगितलं. तेव्हा त्यानं फक्त जे करायचं तेवढंच सांगितलं अन् तेच बरोबर होतं.

पन्नास मिनिटांत दोन पोरं आली. मोटारसायकल पांदणीच्या तोंडाशीच सोडली अन् चिखलातून पायी आली, हातात पिवळं यंत्र अन् त्याला लांब नळी. वाऱ्याच्या बाजूनं हळूहळू पुढं जात नळी बुडबुड्यांवर धरली. शून्य. दुसऱ्या जागी, शून्य. तिसऱ्या जागी पाण्याच्या अगदी वर, शून्य. मग त्यातला मोठा म्हणाला, उन्हाळ्यात काळ्या जमिनीला ज्या भेगा पडतात त्यात हवा भरून राहते, पहिलं पाणी आत उतरलं की ती हवा वर येते, अन् लाइनीवरची माती एकदा उकरलेली असल्यामुळं पोकळ, म्हणून तिथंच जास्त येते अन् एका रेषेत येते. मला वाटलं आता बोलणं बसणार, उगाच बोलावलं म्हणून. तो म्हणाला, "काका, दरवर्षी फोन करा, दरवर्षी येऊ." सकाळी पुन्हा आले, उजेडात पूर्ण पट्टी तपासून गेले. या एका गोष्टीला पाचपैकी पाच, अन् कोणी काहीही म्हटलं तरी मी हे कमी करणार नाही.

दुसरा माणूस लाइनवॉकर. हे जास्त लोकांना माहीत नसते. लाइनीवरून पायी फिरणारा माणूस असतो, आमच्याकडचे काका शेजारच्याच गावचे आहेत, हातात काठी, कमरेला जीपीएसचा डबा, तो डबा ते कुठून कुठून चालले ते ऑफिसला दाखवते. पोळ्याच्या दिवशी सुद्धा आले होते, बैलाच्या पाया पडले, पुरणपोळी खाऊन पुढं निघाले. त्यांची नजर अशी की खांबापासून चार पावलं लांब घुशीनं काढलेला मातीचा ढीग सुद्धा थांबून पाहतात. आमच्या चुलत भावानं शेततळ्यासाठी जेसीबी आणली होती, धुऱ्याच्या पलीकडं, त्याला वाटलं लाइन आपल्या हद्दीत नाही मग आपल्याला काय. काका त्या दिवशी मशीनसमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर ओरडला, काका जागचे हलले नाहीत, फोन लावला, माणसं आली, मोजलं तर तळ्याचा एक कोपरा पट्टीत येत होता. पाइप निदान एक मीटर खोल असतो. आपला वखर, डवरा, ट्रॅक्टरचा नांगर तिथपर्यंत पोचत नाही, ती काळजी नका करू. जेसीबीचा पंजा मात्र दोन झटक्यात पोचतो. सरकारनं २२ मार्च २०२३ ला खोदण्याआधी कळवायचं एक ॲप काढलं आहे, कॉल बिफोर यू डिग नावाचं, जेसीबीवाल्यांनी अन् ग्रामपंचायतीच्या नळयोजनेच्या ठेकेदारांनी ते वापरलंच पाहिजे. आमच्या ग्रामपंचायतीत मी स्वतः दोन पोरांच्या फोनमध्ये टाकून दिलं.

या लाइनवॉकर लोकांना ठेकेदाराकडून पगार मिळतो, तो वेळेवर होत नाही हे मी काकांच्या तोंडून ऐकलं आहे, तीन तीन महिने. ज्या माणसाच्या डोळ्यावर एवढ्या प्रेशरची लाइन सोपवली त्याचा पगार थकवणं मला अजिबात पटत नाही, अर्धा स्टार मी त्याच्यासाठी कापला.

आता जिथं माझं मन दुखलं ते. मागच्या मार्चमध्ये तूर निघाल्यावर ऑफिसचा माणूस आला, म्हणे पाइपाच्या कोटिंगमध्ये एका जागी दोष दिसतो, खोदून पाहायचं आहे. त्याआधी दोघं जण दोन काठ्या जमिनीत टेकवत टेकवत पूर्ण पट्टीवरून गेले होते, तेव्हा ते सापडलं. मी हो म्हटलं, मला पाहायचंच होतं. एक तरुण इंजिनियर पोरगी होती, साकोलीकडची, तिनं सगळं समजावून सांगितलं. पाइप लोखंडाचा, त्याला बाहेरून प्लास्टिकचं जाड आवरण, अन् त्याशिवाय गंज लागू नये म्हणून पाइपाला बारीक करंट दिलेला असतो. तो पुरतो की नाही पाहायला तिनं एक नळी जमिनीत टेकवली, जमीन कोरडी म्हणून मी तांब्याभर पाणी टाकलं, नळीतलं पाणी निळं दिसलं, विचारलं तर मोरचूद! संत्र्याला बोर्डो मिश्रण करतो तेच मोरचूद. तिच्या मीटरवर उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याच्याही खाली आकडा यायला पाहिजे असतो, आमचा आला.

खड्डा खोदला, शेवटचा फूटभर हातानं, फावड्यानं. पाइप दिसला, काळा, ओला, गार. मी हात लावला. त्याच्याभोवती त्यांनी स्प्रिंगसारखी कडी फिरवली, एका जागी टट् असा ठिणगीचा आवाज आला, तिथं खडू मारला. वाकून पाहिलं तर माझ्या नखाएवढा ओरखडा. टाकताना एखादा दगड लागला असेल. नखाएवढ्या ओरखड्यासाठी एवढा खड्डा, एवढी माणसं, दोन दिवस. साफ केला, पट्टी गुंडाळली, पुन्हा कडी फिरवली, आवाज नाही. हे पाहून मला बरं वाटलं.

पण खड्डा बुजवताना ती पोरगी नव्हती, ठेकेदाराची माणसं होती. आमच्या इथं वरती दीड-दोन फूट काळी, खाली पिवळी चोपण अन् मग मुरूम. खोदताना सगळं एका ढिगात टाकलं होतं. मातीचे थर वेगळे ठेवायचे असं त्यांच्याच कागदात लिहिलेलं आहे, मी वाचलं आहे. बुजवताना काळी गेली खाली अन् पिवळी आली वर. मी म्हटलं, "दादा, हे उलटं होऊन राहिलं." तो म्हणाला, माती मातीच असते. तसं नसते हो. पावसाळ्यात तो भाग दीड फूट खचला, पाणी साचलं, सोयाबीन वीतभर झालं अन् पिवळं पडून मुळातून सडलं, उपटलं की बोटाला चिकट लागायचं. एका हंगामाचं पीकनुकसान मिळालं. पण काळी माती एका हंगामात तयार होते का? तिथं पुढची किती वर्षं पीक धरणार नाही त्याचा रकानाच त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. तक्रार दिली, नंबर मिळाला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, कोणी आलं नाही.

अन् मला हेच सगळ्यात जास्त लागते, की यांना पाइपाच्या आतलं सगळं कळते. त्या पोरीनं सांगितलं होतं, कुठल्या व्हॉल्व्हजवळ किती प्रेशर आहे हे शेकडो किलोमीटर दूर कंट्रोल रूममध्ये बसल्या बसल्या दिसते. मधात मधात व्हॉल्व्ह स्टेशनं असतात, वस्ती विरळ असली तर जास्तीत जास्त ३२ किलोमीटरला एक अन् दाट वस्ती असली तर ८ किलोमीटरला, तिथून तो तुकडा बंद करता येतो. आतून पिग नावाचं यंत्र सोडतात, ते गॅसच्याच जोरावर पळते अन् चुंबकानं लोखंडाची जाडी मोजत जाते, सेकंदाला तीन मीटर धरलं तर माझ्या वावराखालून ते एका मिनिटात निघून गेलं असणार, मी वर निंदण करत असताना. गॅसचा त्यांचा दिवस सकाळी ६ ला सुरू होतो अन् दुसऱ्या सकाळी ६ ला संपतो, कोणाला किती पाहिजे ते आधी लिहून घेतात, आपल्या कॅनॉलच्या पाण्याचा मागणी अर्ज असतो तसं. फरक एवढाच की कॅनॉलच्या शेपटाला पाणी पोचत नाही अन् यांच्या शेपटाला पोचते, कारण वाटेत कॉम्प्रेसर लावून पुन्हा दाब देतात. पाइप स्वतःच गोदामही असतो, रात्री थोडा जास्त दाबून भरला की सकाळी कामी येतो.

एवढं ज्यांना जमते त्यांना काळी वर अन् पिवळी खाली हे जमायला पाहिजे होतं. या एका गोष्टीसाठी पूर्ण स्टार कापला.

लाइन नको असं माझं मत नाही, काही लोक तसा अर्थ काढतील म्हणून लिहितो. आपण जी युरियाची ४५ किलोची गोणी आणतो ती याच गॅसपासून बनते, हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही देशातली मोठी लाइन १९८० च्या दशकात टाकली तीच मुळात खताच्या अन् विजेच्या कारखान्यांसाठी. आज देशात २५ हजार किलोमीटरच्या आसपास अशा लाइनी चालू आहेत. विदर्भ समुद्रापासून लांब, आधी गॅस जितक्या लाइनींतून फिरून येणार तितकं भाडं वर चढत जायचं. १ एप्रिल २०२३ पासून एकत्रित दर लागू झाला, सुरुवातीला ३०० किलोमीटरपर्यंत, ३०० ते १२०० अन् त्यापुढं असे तीन टप्पे ठेवून, म्हणजे आपल्यासारख्या मधल्या भागात कारखाना टाकणाऱ्याला थोडं सोपं झालं. इकडं संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने यावेत, पोरांना काम मिळावं, त्याला स्वस्त इंधन लागतेच. मुंबई-नागपूर लाइनीचा बहुतेक भाग समृद्धी महामार्गाच्या कडेनं नेला, तसं जिथं जमते तिथं रस्त्याच्याच कडेनं न्या एवढंच म्हणणं.

ज्यांच्याकडे आता खोदकाम होणार आहे त्यांना सांगतो, खोदायच्या आधी फोटो काढा, काळी माती वेगळ्या ढिगात टाकायला लावा, दोन्ही ढिगांच्या मधात पऱ्हाट्या आडव्या टाकून ठेवा म्हणजे मिसळणार नाही, अन् बुजवताना घरचं कोणीतरी दिवसभर तिथंच उभं राहा. ठेकेदाराच्या माणसांना चहा द्या, पण तिथून हलू नका.

अपडेट : हे अर्धं लिहून झालं होतं तेव्हा, गेल्या गुरुवारी, लाइनवॉकर काका नव्या साहेबाला स्वतः वावरात घेऊन आले. साहेबानं खचलेला भाग टेपनं मोजला, १४ फूट लांब अन् ९ फूट रुंद, अन् उन्हाळ्यात तीन ट्रॉल्या तलावाचा गाळ टाकून देतो म्हणाले. मी म्हटलं, आधी वरची पिवळी निदान फूटभर काढा, मग नाल्याकाठची काळी टाका, गाळ वरून पातळ चालेल. ते लिहून घेतलं, मीही लिहून दिलं, अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतली आहे. पट्टीतला तेवढा तुकडा सोडून बाकीच्यात हरभरा पेरला.